एकाच मुलाचे दोन आयक्यू, १२१ आणि १०७... यातला खरा कुठला धरायचा?

सिंहगड_रोडवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

मुलगा आठवीत आहे, तेरा पूर्ण. चौथीत असताना त्याच्या बाई म्हणाल्या की याला वर्गात कंटाळा येतो, एकदा तपासून घ्या, बहुतेक जास्तच हुशार आहे. म्हणून एका क्लिनिकमध्ये टेस्ट केली, रिपोर्टवर बिने-कामत असं लिहिलंय, आयक्यू १२१ आला. आम्ही खूश, सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. आता आठवीत मार्क घसरायला लागले म्हणून दुसऱ्या ठिकाणी परत टेस्ट केली, तिथे वेक्सलर नावाच्या टेस्टची भारतीय आवृत्ती वापरली आणि स्कोअर आला १०७. त्या मॅडम म्हणाल्या नॉर्मल आहे, काळजीचं काही नाही, आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

आता घरात रोज हाच विषय. हे म्हणतात पहिलाच खरा, दुसऱ्या वेळी पोराचा मूड नसेल. सासूबाई म्हणतात मोबाईलने डोकं खाल्लं त्याचं. नणंदेने सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं एक पत्रक पाठवलंय, दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाची जन्मजात बुद्धी, करिअर, कुठला मेंदू जास्त चालतो हे सगळं सांगतात म्हणे, चाळीस पानी रंगीत रिपोर्ट मिळतो, क्लबहाऊसमध्ये रविवारी कॅम्प आहे आणि फी काही हजारांत आहे. तिचं म्हणणं ठसे बदलत नाहीत, त्यामुळे तो रिपोर्टही बदलणार नाही, तुमच्यासारखा गोंधळ व्हायला नको.

माझे प्रश्न: चार वर्षांत बुद्धी १४ ने कमी होते का? नसेल तर कुठला रिपोर्ट खोटा? आणि ठशांचं काय करायचं, पैसे घालवू का?

पेठी_तिरकस

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण रविवार जवळ आलाय. नाही.

ठसे बदलत नाहीत हे खरं आहे हो, पण ठसे न बदलणं आणि ठशांवरून बुद्धी कळणं यांचा एकमेकांशी काय संबंध? माझा ब्लड ग्रुपही बदलत नाही, म्हणून त्यावरून मी सीए होणार की कीर्तनकार हे ठरवायचं का.

मीन_मीडियन_मोड

तिरकसरावांना अनुमोदन, आणि एक गंमत सांगतो जी त्या कॅम्पवाल्यांना विचारायला हरकत नाही. फ्रान्सिस गाल्टन, म्हणजे ज्याने १८९२ मध्ये ठशांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ज्याला बुद्धी मोजायचाही भयंकर नाद होता, लंडनमध्ये १८८४ मध्ये त्याने माणसांची मापं घ्यायची प्रयोगशाळाच काढली होती, त्या माणसाने ठसे आणि बुद्धी यांचा काही संबंध लागतो का हे स्वतः तपासून बघितलं. विद्वान, मजूर, मतिमंदांच्या संस्थेतले लोक, सगळ्यांचे ठसे. हाती काही लागलं नाही आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. संबंध सापडला असता तर सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला असता. सव्वाशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आता क्लबहाऊसमध्ये एसी लावून विकतायत.

त्या पत्रकावर हॉवर्ड गार्डनरचं नाव असेलच, बहुविध बुद्धिमत्ता वगैरे, १९८३ चा सिद्धांत. तो सिद्धांत किती टिकतो यावरच मानसशास्त्रात वाद आहेत, पण ते सोडा, ठशांच्या या टेस्टशी आपला संबंध नाही हे गार्डनरने स्वतःच सांगून टाकलंय. आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलेलं आहे.

आणि तरीही रिपोर्ट वाचून लोकांना "अगदी बरोब्बर आहे" का वाटतं? १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा "खास" रिपोर्ट दिला, किती जुळतो ते पाचपैकी सांगा म्हणाला, सरासरी ४.२६ आली. रिपोर्ट सगळ्यांना एकच दिलेला, त्यातली वाक्यंही बरीचशी बाजारात मिळणाऱ्या एका राशिभविष्याच्या पुस्तकातली. "तुमच्यात बरीच क्षमता आहे पण तुम्ही ती पूर्ण वापरत नाही." आता सांगा हे कुणाला लागू पडत नाही.

समुपदेशक_ताई

सिंहगडताई, मी शाळेत काउन्सेलर आहे, दोन्ही प्रकारचे रिपोर्ट रोज हातात येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे यातला कुठलाच रिपोर्ट खोटा नाहीये. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, त्यावरचे आकडे सरळ एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

बिने-कामत ही आपल्याकडची खूप जुनी टेस्ट. मूळ पॅरिसची, आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये केलेली, शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. मग अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड-बिने केली, आणि त्यावरून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी आवृत्ती तयार केली. त्या काळात आपल्या मुलांना आपल्या भाषेत प्रश्न विचारणारी टेस्ट बनवणं हे केवढं मोठं काम होतं, मला त्या माणसाबद्दल खरंच आदर आहे. पण तिच्यात आयक्यू काढायची रीत जुनी आहे. मूल किती वर्षांच्या मुलाइतके प्रश्न सोडवतं ते बघायचं, ते त्याचं मानसिक वय, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभरने गुणायचं. तुमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता असं धरलं तर १२१ म्हणजे तो साधारण पावणेअकरा-अकरा वर्षांच्या मुलासारखं उत्तर देत होता, इतकंच.

वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाने ही भागाकाराची पद्धतच काढून टाकली. त्याच्या टेस्टमध्ये तुमच्या मुलाची तुलना फक्त त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. त्या वयाची सरासरी १०० धरायची, आणि पसारा असा ठेवायचा की साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये बसतात. नाव दोन्हीकडे आयक्यूच, पण आत वेगळं गणित.

दुसरी गोष्ट नॉर्म्सची, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करायची ती मुलं कधीची? पिढ्या बदलतात तशी मुलं या टेस्टमध्ये चांगले मार्क मिळवायला लागतात, याला फ्लिन इफेक्ट म्हणतात, अमेरिकेत साधारण दर दहा वर्षांनी तीन अंक असं दिसलं होतं. त्यामुळे जुन्या नॉर्म्सवर आजचं मूल उगाचच जास्त हुशार दिसतं. बिने-कामतमध्ये हे होतं, आणि नागपूरच्या मालिनची १९६९ ची जी मिसिक टेस्ट आहे, वेक्सलरवरूनच भारतीय मुलांसाठी केलेली, तिच्यातही होतं. तरी या दोन्ही टेस्ट आजही सर्रास चालतात कारण स्वस्त आहेत, मराठीत घेता येतात आणि शिकवलेल्या आहेत. नवीन टेस्टचं किट केवढ्याला पडतं ते विचारू नका.

म्हणजे बुद्धी १४ ने कमी झालेली नाही. मोबाईलवर दुसरे आरोप खुशाल करा, हा नको.

आता माझा प्रश्न. १०७ च्या खाली चार वेगळे आकडे असतील, भाषेचं आकलन, बघून विचार करायचा भाग, वर्किंग मेमरी (म्हणजे माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) आणि प्रोसेसिंग स्पीड. ते किती आहेत? रिपोर्टची खरी गोष्ट तिथे असते.

निवृत्त_मास्तर

मी तीस-बत्तीस वर्षं शिक्षक होतो, स्कॉलरशिपला मुलं बसवली. पूर्वी चौथी-सातवी होतं, मग २०१६-१७ पासून पाचवी-आठवी झालं. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणी असते हे सर्वांना ठाऊक आहे. आरशातील प्रतिमा, घड्याळ, वेगळा घटक ओळखा, सांकेतिक भाषा, रांगेत डावीकडून सातवा तर उजवीकडून कितवा. अप्पा बळवंत चौकात या एकाच विषयाच्या पुस्तकांनी कपाटं भरलेली असतात. मूल जूनमध्ये ५० पैकी वीस उत्तरं देतं आणि सराव करून फेब्रुवारीत चाळीस. मग त्याची बुद्धी दुप्पट झाली का? सरावाने वाढतं ते मोजमाप बुद्धीचं कसं म्हणायचं हा माझा साधा प्रश्न आहे.

पण दुसरी बाजूही सांगतो. माझ्या वर्गात झाडूकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा होता, अक्षर गचाळ, शुद्धलेखनात शून्य, सगळे त्याला ढ म्हणायचे. आकृत्यांच्या चाचणीत तो पहिला आला. त्या कागदामुळे मला मुख्याध्यापकांशी भांडता आलं. नुसतं माझं मत असतं तर कोण ऐकणार होतं. आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी काढली आणि १९६९ ला प्रशाला सुरू केली ती बुद्धिमान मुलं चाचण्यांनी निवडूनच. पुढे त्या प्रवेशाचेही क्लास निघाले हा पुणेरी पालकांचा पराक्रम, त्याला आप्पा काय करणार.

हिंजवडी_हमाल

या सगळ्या टेस्ट म्हणजे धंदा आहे असं माझं स्पष्ट मत. आमच्या कंपनीत टीम बिल्डिंगच्या नावाखाली ती चार अक्षरी पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, मी अंतर्मुख निघालो, पुढच्या वर्षी एचआर बदलला, त्याने परत घेतली तर मी बहिर्मुख. मधल्या काळात माझ्यात काय बदललं म्हणाल तर फक्त मॅनेजर. एक्सेल शीट मात्र बनली आणि त्याप्रमाणे कुणाला क्लायंट कॉलवर बसवायचं तेही ठरलं.

मीन_मीडियन_मोड

हमालसाहेब, त्यात तुमचा दोष नाही, त्या टेस्टची रचनाच तशी आहे. माणसं बहुतेक मध्यावर असतात, थोडी इकडे थोडी तिकडे, आणि ही टेस्ट मध्ये रेघ मारून म्हणते की अलीकडचे सगळे एक आणि पलीकडचे सगळे दुसरे. तुम्ही रेघेजवळ असाल तर दोन प्रश्नांची उत्तरं बदलली की अक्षर बदललं. संशोधनात लोक पाच घटकांचं मॉडेल वापरतात, तिथे प्रत्येक गुण कमी-जास्त असा मोजतात, खोक्यात टाकत नाहीत. पण "तुमचा बहिर्मुखपणा ५४ व्या पर्सेंटाइलला आहे" हे कॉफी मगवर छापायला बरं दिसत नाही.

मास्तर, तुमचा सरावाचा मुद्दा एकदम बरोबर, आणि म्हणूनच खऱ्या क्लिनिकल टेस्टचे प्रश्न बाहेर येऊ देत नाहीत आणि तीच टेस्ट परत घ्यायची तर साधारण वर्षभर थांबतात. स्कॉलरशिपचा पेपर ही स्पर्धा परीक्षा आहे, नाव फक्त बुद्धिमत्तेचं.

ताई, आता तुमच्या १४ कडे बघू. कुठलाही स्कोअर हा एक आकडा नसून पट्टा असतो. टेस्टची विश्वसनीयता, म्हणजे स्कोअरवर किती भरवसा ठेवता येतो ते, सोयीसाठी ०.९५ धरू, ही चांगल्यातली चांगली म्हणायची. मग मोजण्यातली चूक = १५ गुणिले (१ − ०.९५) चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ३.३५. त्याच्या जवळजवळ दुप्पट इकडे-तिकडे धरायचं, म्हणजे १०७ हे ढोबळमानाने १०० ते ११४ असं वाचायचं. आणि दोन स्कोअरची तुलना करताना दोन्हीकडच्या चुका एकत्र येतात, त्यामुळे काहीही न बदलता दोन टेस्टमध्ये ९ अंकांपर्यंत फरक सहज पडू शकतो. उरलेल्या पाचेकचा हिशेब समुपदेशकताईंनी दिलेल्या कारणांत आरामात बसतो.

आणि १०७ वाचून घरात जे काही सुतकी वातावरण झालंय ना, ते आधी संपवा. १०७ म्हणजे १०० पैकी १०७ मार्क नव्हेत आणि "जेमतेम पास" तर अजिबात नव्हे. त्याच्या वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली तर हा साधारण अडुसष्ट जणांच्या पुढे आहे.

सिंहगड_रोडवाली

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. ठशांचा कॅम्प रद्द, नणंदेला गाल्टनचं पाठवलंय, तिने अंगठा दिलाय (इमोजी हो).

समुपदेशकताई, रिपोर्ट उघडून बघितला, चार आकडे खरंच आहेत आणि आम्ही कुणीच ते पान वाचलेलं नव्हतं. भाषेचं आकलन ११९, ते बघून विचार करायचं ११२, वर्किंग मेमरी ९७ आणि प्रोसेसिंग स्पीड ८८. शेवटचं कमी आहे ना? त्याचा अर्थ तो स्लो आहे असा घ्यायचा का?

एक सांगायचं राहिलं, त्याचे पेपर पूर्ण होत नाहीत. उत्तर येत असतं, घरी विचारलं तर तोंडी घडाघडा सांगतो, पण पेपरात शेवटचे दोन प्रश्न कोरे. सगळे म्हणतात लिहायचा सराव कर. रोज एक पान शुद्धलेखन लिहून घेतेय, रडारड होते.

समुपदेशक_ताई

बघा, मिळालं ना.

११९ आणि ८८ मध्ये ३१ अंकांचं अंतर आहे. भाषेत तो शंभरातल्या साधारण नव्वद जणांच्या पुढे आहे आणि वेगात फक्त एकवीस जणांच्या. या दोघांची गोळाबेरीज करून १०७ काढायचा आणि नॉर्मल म्हणून घरी पाठवायचं याला काही अर्थ नाही, असं अंतर असेल तेव्हा एकूण आयक्यूवर फार भर देऊ नये असं आम्हाला शिकवतातच. मुलगा सर्वसाधारण नाहीये, तो एका बाजूने बराच पुढे आहे आणि दुसऱ्या बाजूने अडतोय, आणि आठवीत लिखाण वाढल्यावर ती अडचण उघडी पडली. चौथीत नाही पडली कारण तेव्हा पेपर छोटे होते, आणि बिने-कामतमधून असे चार वेगळे आकडे मिळत नाहीत, एकच मानसिक वय मिळतं.

"स्लो" हा शब्द मात्र नका वापरू, निदान त्याच्यासमोर तरी. प्रोसेसिंग स्पीड नावाखाली मुलाला नेमकं काय करायला लावतात ते ऐका. एका भागात प्रत्येक अंकाला एक छोटं चिन्ह ठरलेलं असतं, समोर अंकांच्या ओळी असतात आणि दोन मिनिटांत पेन्सिलने जमतील तितकी चिन्हं भरायची. यात मेंदूचा वेग आहे, पण डोळ्यांचं काम आहे, बोटांची पकड आहे, लक्ष आहे, आणि स्वभावही आहे. ८८ यातल्या कशामुळे आला हे तो आकडा सांगत नाही, ते शोधावं लागतं. त्याला एकदा सहज विचारा की त्या चिन्हांच्या वेळी काय झालं होतं. मुलांना बरोब्बर आठवतं.

सिंहगड_रोडवाली

विचारलं. ऐका. म्हणाला, "मी प्रत्येक नीट काढत होतो, एक वाकडं आलं म्हणून खोडरबर मागितला तर त्या म्हणाल्या खोडरबर नसतो, पुढे जा. मग मी त्याच्यावरच परत गिरवून नीट केलं." आणि हे सांगताना चेहऱ्यावर असं की त्या मॅडमचंच चुकलं.

वह्या काढून बघितल्या, प्रत्येक पानावर हाच प्रकार, अक्षरावर अक्षर गिरवलेलं. आणि पेन्सिल अशी धरतो की अंगठा पहिल्या बोटावर चढलेला, दहा मिनिटांत हात झटकायला लागतो. इतकी वर्षं रोज समोर बसून अभ्यास घेतेय मी.

निवृत्त_मास्तर

ताई, पान पान शुद्धलेखन तातडीने बंद करा. हात दुखणाऱ्या मुलाला आणखी लिहायला लावून वेग वाढत नाही, लिहिण्याचा तिटकारा वाढतो. सुंदर अक्षर हा खरा दागिना, हे आम्ही फळ्याच्या वर लिहून ठेवायचो आणि अशाच मुलांची वाट लावायचो. त्याला सांगा चुकलं की एक आडवी रेघ मारून पुढे जायचं, मार्क कापत नाहीत.

समुपदेशक_ताई

मास्तरांशी सहमत. पुढचं असं करा. आधी डोळे तपासा, साधी गोष्ट आहे पण राहून जाते. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे) पकड आणि लिखाण दाखवा. तिसरं, ज्यांनी दुसरी टेस्ट घेतली त्यांच्याकडून वर्तन-निरीक्षणाचा भाग लेखी मागा, खोडरबर मागणं, गिरवणं हे त्यांनी टिपलेलं असायला हवं, नुसते आकडे देऊन रिपोर्ट पूर्ण होत नाही. टेस्ट घेणारी व्यक्ती आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना हेही बघून ठेवा, पुढे कागदोपत्री लागतं. त्यांच्याशी बोलताना "आयक्यू किती" हा प्रश्न बाजूला ठेवा, "येत असून पेपर का पूर्ण होत नाही" हा प्रश्न लिहून घेऊन जा. टेस्ट कुठली घ्यायची, त्यातलं काय बघायचं हे त्या प्रश्नावर ठरतं. चौथीत प्रश्न होता की वर्गात कंटाळतो का, त्याला १२१ हे उत्तर चाललं. आत्ताच्या प्रश्नाला १२१ पण उपयोगी नाही आणि १०७ पण नाही.

हिंजवडी_हमाल

धंदा म्हणालो ते मागे घेत नाही, पण हा धागा वाचून माझ्या पुतणीचा रिपोर्ट शोधायला दादाला फोन केलाय. एक शंका, हे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात ते हेच का? दहावीला जादा वेळ मिळतो म्हणे.

समुपदेशक_ताई

लगेच तसं म्हणता येणार नाही. वेगाचा स्कोअर कमी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी असं समीकरण नाही. त्यासाठी वाचन, लेखन, गणित यांची वेगळी तपासणी होते, आयक्यू टेस्ट त्यातला एक भाग असतो, मुख्यतः अडचण एकूण बुद्धीमुळे नाही ना हे बघायला. सवलतीसाठी अधिकृत सरकारी हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं, पुण्यात बरेच पालक ससूनला जातात, आणि तिथे नंबर लागायला वेळ लागतो. म्हणून शंका असेल तर दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच सुरुवात केलेली बरी. आमच्याकडे दर वर्षी जानेवारीत रडवेले पालक येतात.

पेठी_तिरकस

आणि ती दहावीची कल चाचणी? २०१६ पासून काही वर्षं बोर्डाने घेतली होती. माझ्या भाच्याचा कल ललित कला आला होता, आता तो मेकॅनिकल करतोय.

मीन_मीडियन_मोड

कल म्हणजे आवड, आणि क्षमता म्हणजे जमणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजतात. भाच्याला चित्रं आवडत असतील आणि मशीन जमत असेल, त्यात विरोध काय? मेकॅनिकलला ड्रॉइंग असतंच.

सिंहगड_रोडवाली

शेवटचं एक विचारते. शाळेत पालक सभा आहे, तेव्हा हा रिपोर्ट वर्गशिक्षिकेला द्यायचा का? हे म्हणतात देऊ नको, १०७ बघून त्या त्याला मागच्या बाकावर टाकतील. आणि १२१ वाला दाखवला तर म्हणतील एवढा हुशार आहे तर आळशीपणा करतोय.

समुपदेशक_ताई

यजमानांची भीती अगदीच चुकीची नाही, स्टाफरूममध्ये आकडा फार लवकर फिरतो. पूर्ण रिपोर्ट देऊ नका. सायकॉलॉजिस्टकडून एक पानाचं पत्र मागा, त्यात आयक्यूचा आकडा नको, फक्त अडचण काय आणि वर्गात काय करता येईल एवढंच असू दे: फळ्यावरचं उतरवून घ्यायला थोडा जास्त वेळ, मधूनमधून तोंडी उत्तर, वही अपुरी असली तर सगळ्यांसमोर बोलायचं नाही. शाळेत काउन्सेलर असेल तर आधी तिला भेटा, ती बाईंशी बोलेल. पत्राची एक झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, कारण पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलणार आणि सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागेल.